न्हाणीतली गोड बातमी

यामिनी माहेरी पोचली तेव्हा आई दारातच पेढ्यांचा डबा घेऊन उभी होती. नरकचतुर्दशीला जुन्या इंदुरातल्या या घरी फराळाला यायचं, हा यामिनीचा लग्नानंतरही न चुकलेला नेम. दरवर्षी आई आधी उशीर केला म्हणून कुरकुरायची. यंदा मात्र तिने लेकीच्या तोंडात पेढा कोंबला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की श्रियाला आज न्हाणीत चक्कर आली.

श्रिया म्हणजे यामिनीच्या धाकट्या भावाची, हृषीकेशची बायको. लग्नाला अजून वर्षही झालेलं नव्हतं. खरं सांगायचं तर क्षणभर यामिनीलाही बरं वाटलं.

मग आईने सगळं रंगवून सांगितलं. पहाटे तेल-उटणं लावून पहिल्यांदा बाबांची आंघोळ झाली, मग हृषीकेशची, मग आईची. सून सगळ्यांच्या शेवटी, ही या घरची रीत. बाहेर उजाडायला आलं तरी श्रिया येईना, हाकांना ओ देईना, तेव्हा हृषीकेशने खांदा मारून कडी तोडली. ती बादलीशेजारी पडलेली होती. नशीब, अंगात गाऊन होता, असं आई म्हणाली. सून बेशुद्ध पडली तरी गाऊन आधी आठवतो, हे ऐकून यामिनीचं डोकं तिथेच तापायला लागलं. पण सणाचा दिवस, म्हणून तिने तोंड आवरलं.

देवासच्या मावशीला फोन झाला होता. बडोद्याच्या आत्याला झाला होता. शेजारच्या काकू येऊन पेढा खाऊन गेल्या होत्या. फक्त डॉक्टरला फोन झालेला नव्हता.

आतल्या खोलीत श्रिया भिंतीकडे तोंड करून पडली होती. गाल लालबुंद, डोळे उघडवत नव्हते, उशाशी उलटीसाठी घमेलं. नणंद आलेली पाहून ती वाकून नमस्कार करायला उठू लागली आणि तशीच परत कलंडली. डोकं फुटतंय ताई, एवढंच तिला बोलता आलं. सुरुवातीला असंच होतं, म्हणत आईने तिच्या पायांवर पांघरूण घातलं.

बाहेर बाबा, म्हणजे वासुदेवराव, कपाळाला बाम चोपडून खुर्चीत डोळे मिटून बसले होते. फटाक्यांच्या धुराने सकाळपासून कपाळ चढलंय म्हणाले. हृषीकेशही जांभया देत होता.

"ताई, माझंपण सुबे से सर भारी आहे," तो खास इंदुरी बोलीत म्हणाला. "कल रात को झोपच नाही झाली ना भिया."

यामिनी थांबली. पलासियातल्या कोचिंग क्लासमध्ये ती गेली अनेक वर्षं केमिस्ट्री शिकवत होती. तिने बाबांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग आईला विचारलं, की तुझं डोकं कसं आहे. आई म्हणाली, दुखतंय थोडं, पण आनंदात कुणाला कळतंय.

"बाबांचं डोकं दुखतंय, हृषीचं दुखतंय, तुझं दुखतंय," यामिनी म्हणाली. "मग आई, बाबांनाही दिवस गेलेत का?"

बाबांनी डोळे उघडले. जिभेला काही हाड, असं आई पुटपुटली, पण तोवर यामिनी न्हाणीत शिरली होती.

न्हाणी ती कसली, दोन माणसं उभी राहिली तर कोपरं एकमेकांना लागतील असा कोनाडा. भिंतीवर गॅसचा गिझर. वर एक लहानशी जाळी होती, जिच्यातून लहानपणी शेजारच्यांच्या रेडिओचा आवाज यायचा. त्या जाळीवर आता थर्माकोलचा तुकडा बसवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली होती. इतकं सुबक काम, की एक मुंगी आत येऊ नये. यामिनीने दार सताड उघडं ठेवलं, श्वास धरला आणि नळ क्षणभर सोडला. गिझरच्या खिडकीत ज्योत दिसली. निळी असायला हवी ती पिवळी आणि आळशी होती, आणि गिझरच्या डोक्यावरच्या भिंतीवर काजळी धरली होती. तिने नळ बंद केला, सिलिंडरचं बटण फिरवलं, थर्माकोल ओरबाडून काढला आणि बाहेर येऊन भावापुढे फेकला.

हे कुणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती. बाबांच्या गुडघ्यांना वारा लागतो म्हणून हृषीकेशने धनत्रयोदशीला बसवलं होतं. मोठ्या मनाने, स्वतःच्या हाताने.

"लीक-वीक काही नाहीये ताई," तो गडबडून म्हणाला. "साबणाचं पाणी लावून सगळे जॉइंट मी चेक केले. वास तरी येतो का? और ये देख, सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव." बोटाला लावायचं कोविडमधलं यंत्र त्याने पुढे केलं.

इथे मात्र यामिनीचा संयम सुटला. हा मुलगा तिच्याचकडे शिकला होता. या घरात येरझाऱ्या घालत मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन घोकायचा. बोर्डात केमिस्ट्रीत वर्गात पहिला आला, इंजिनियर झाला. अपूर्ण ज्वलनावर हमखास प्रश्न येतो म्हणून तिनेच त्याच्याकडून तो लिहून घेतला होता, आणि पठ्ठ्याने एकदाही चुकवला नव्हता. कागदावर.

"गळायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "सिलिंडरमध्ये काय असतं रे? प्रोपेन आणि ब्यूटेन. एका रेणूत तीन नाहीतर चार कार्बन. जळताना प्रत्येक कार्बनला दोन-दोन ऑक्सिजन लागतात. तू जाळी बुजवलीस. बाबा न्हाले, तू न्हालास, आई न्हाली, सगळ्यांनी मिळून आतली हवा संपवली. मग कार्बनला एकेकच ऑक्सिजन मिळाला, आणि झाला कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. गॅसला जो वास येतो तो आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घातलेला असतो, तो जळून जातो. आणि हे तुझं यंत्र, त्याला रक्तातला ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. रक्त लाल दिसलं की ते खूश."

हृषीकेशचा चेहरा उतरत गेला. त्याला समजलं होतं. एका वाक्यात समजलं होतं, आणि त्याचाच यामिनीला जास्त राग आला. न समजणाऱ्याला माफ करता येतं. सगळं येत असून घराच्या उंबऱ्याशी चपलांबरोबर अक्कल काढून ठेवणाऱ्याचं काय करायचं?

ती श्रियाला उठवू लागली तशी आई आडवी आली. सणाच्या दिवशी दवाखान्याचं तोंड बघायचं नाही. अशा अवस्थेत गाडीचे धक्के बसू द्यायचे नाहीत. संध्याकाळी आपल्या ओळखीच्या बाईंना बोलावू. पोरीने अजून दिवाही ओवाळला नाही. एकेक कारण ऐकताना यामिनीला वाटलं, जाळीला थर्माकोल आत्ता कालपरवा बसलाय, या घराच्या डोक्याला कधीचाच बसला आहे. तिने आईला हाताने बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदा. हृषीकेशने श्रियाला उचललं, बाबा बाम लावलेल्या कपाळानेच गाडीचं दार धरायला धावले, कुरकुरत आईही गाडीत बसली, आणि ते तिला इस्पितळात घेऊन गेले. रस्ते धुऊन लख्ख झाले होते, घरोघरी रांगोळ्या होत्या, आणि मागच्या सीटवर श्रिया नणंदेच्या मांडीवर डोकं ठेवून दिलगिरीच्या सुरात सांगत होती, की अनारसे तळायचे राहिलेत.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. गिझर हा शब्द ऐकताच तिने पुढचं काही विचारलं नाही. घट्ट मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला, रक्त काढलं, आणि बाकी तिघांचंही काढलं. हिवाळ्यात असे पेशंट येतातच, म्हणाली, सगळे इथपर्यंत पोचत नाहीत एवढंच. हृषीकेश कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. यामिनीने त्याच्याजवळ जाऊन धीर द्यायला हवा होता. ती गेली नाही. तिचं मन झालं नाही.

रिपोर्ट आला. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरपूर होता. आणखी थोडा वेळ कडी तुटली नसती तर विषय संपलाच होता, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आता धोका नव्हता, पण रात्रभर ऑक्सिजन लागणार होता.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि पदर सावरत पुढे झाली.

"और डॉक्टरजी, बच्चा ठीक है ना?"

डॉक्टर म्हणाल्या, प्रेग्नन्सी नाहीये, ती टेस्ट आम्ही आधीच केली.

आई खुर्चीत बसली. घरी बातमी सांगताना चेहऱ्यावर जो उजेड होता तो आता सगळा गेला होता. कोपऱ्यात ऑक्सिजन सूं सूं करत होता.

"मग मी आता सगळ्यांना काय सांगू?" आई म्हणाली.

"सांग, श्रिया जिवंत आहे," यामिनी म्हणाली. "एकेकाला फोन करून सांग."

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दुष्टावाही नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"ते काय सांगायचं?" ती म्हणाली.

तेवढ्यात पलंगावर हालचाल झाली. श्रियाने मास्क उचलला होता.

"सॉरी आई," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुमची निराशा झाली."

यामिनी झेपावली आणि तिने मास्क परत तिच्या तोंडावर दाबला, जरा जोरातच. गप्प बस, एक शब्द बोलायचा नाही, नुसता श्वास घे, असं ती जवळजवळ ओरडलीच. श्रियाने आज्ञाधारकपणे मान डोलावली. मग सासूकडे बघत, मास्कच्या आतून, ओठ हलवून तेच पुन्हा म्हणाली.