व्होडका माशांसाठी होती

थेनने आमच्या तळघरात समुद्र आणला तेव्हा मी विरोध केला नव्हता, हे आधीच कबूल करते. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि निवृत्त झालेले नवरे दिवसभर घरात कसे पायात पायात येतात ते मी माझ्या दोन्ही बहिणींकडे पाहिलं होतं. सॉल्ट लेक शहराच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या सॅनपीट खोऱ्यातून समुद्र सातशे मैलांवर. इथे लसूणघासाची शेतं आणि टर्की पक्ष्यांच्या लांबलचक शेड, बाकी सगळा उजाड माळ. म्हटलं, आणू दे बापड्याला चार मासे. वर्षभराच्या गव्हाचे डबे भिंतीकडे सरकवले आणि मधोमध सहा फुटी काचेची टाकी बसवली. ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णवची.

मासे, प्रवाळ, खारं पाणी, हे सगळं मला आवडायला लागलं. त्रास व्हायचा तो थेनच्या, टाकीत मासे पाळणाऱ्यांच्या क्लबाचा. दोन महिन्यांतून एकदा तो सॉल्ट लेकला जाऊन यायचा आणि येताना नवीन वेड घेऊन यायचा.

सुरुवातीला पाणी गाळायला प्लास्टिकचे काटेरी चेंडू लागायचे, शेकड्यांनी. दीड वर्षानं कळलं की चेंडू म्हणजे निव्वळ घाणीचं घर. चेंडू गेले आणि तळाला सहा इंच वाळू आली. ती वाळू मी माझ्या स्वयंपाकातल्या चाळणीनं, बागेच्या नळाखाली बसून धुतली आहे. चार वर्षांनी सगळे म्हणायला लागले, वाळू फार वाईट, आत विष साठतं आणि एक दिवस टाकीच संपवते. मग वाळू उपसली. नागडी काच. ती बरी दिसत नाही म्हणेपर्यंत डब्यात बंद केलेला चिखल आला. खरंच चिखल, पोस्टानं मागवलेला. त्यानंतर नखाएवढ्या प्रवाळाच्या तुकड्यांना राजेमहाराजांची नावं देऊन विकायची टूम निघाली. थेननं असा एक तुकडा आणला. त्याचं नाव त्या तुकड्यापेक्षा लांब होतं, आणि तो अकराव्या दिवशी मेला.

"थेन," मी एकदा विचारलं, "तुमच्या क्लबात कुणाचा मासा म्हातारा होऊन मरतो का रे कधी?"

"तू थट्टा कर. विज्ञान पुढे जातंय."

"जाऊ दे की. पण दर वेळी बादल्या मी का उचलायच्या?"

दोन हजार आठच्या हिवाळ्यात टाकीत हिरवं शेवाळ माजलं. केसांसारखं लांब. दगडांवर, काचेवर, पंपाच्या तोंडावर, सगळीकडे. थेन रोज बाह्या वर करून ओंजळी ओंजळीनं उपटायचा आणि आठवड्यात ते पुन्हा तेवढंच व्हायचं. त्याचं जेवण कमी झालं. मग एका शनिवारी तो क्लबातून आला. जेवायला बसल्यावर काट्यानं बटाटे इकडून तिकडे ढकलत राहिला.

"नेड्रा."

"हं."

"शेवाळावर उपाय सापडलाय."

"आता काय, शेण?"

"व्होडका."

मी हातातला चमचा खाली ठेवला. आमच्या लग्नाला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती. आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती. दारू सोडाच, घरात कॉफीसुद्धा कधी उकळली नाही. थेन दर रविवारी चर्चमध्ये चौदा वर्षांच्या मुलांचा वर्ग घ्यायचा आणि त्या महिन्यात धडा चालू होता दारूबंदीचा. मी चर्चच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष.

"माशांना पाजायची?"

"माशांना नाही गं. पाण्यात जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते व्होडकावर वाढतात आणि वाढता वाढता पाण्यातली घाण खातात. मग फेस काढायचं यंत्र त्यांना बाहेर काढतं. शेवाळ उपाशी मरतं."

"म्हणजे सफाई कामगारांना आधी पाजायची, मग काम करून घ्यायचं."

"थोडक्यात सांगायचं तर, हो. कीटनच्या टाकीचे फोटो पाहिले मी. लखलखीत! आणि रोज फक्त काही थेंब लागतात."

कीटन म्हणजे क्लबातला तिशीतला मुलगा, दाताच्या कवळ्या बनवायचा. थेनच्या लेखी त्याचा शब्द म्हणजे जवळजवळ शास्त्र.

पुढच्या गुरुवारी आम्ही साठ मैल गाडी हाकून, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही अशा गावी सरकारी दारूच्या दुकानापुढे जाऊन थांबलो. थेननं इंजिन बंद केलं. टोपी कपाळावर ओढली. मग वर केली. मग परत ओढली. अशी चाळीस मिनिटं गेली.

"मुलांना काय सांगू मी रविवारी?" तो म्हणाला.

"धडा संपलाय ना गेल्या रविवारी?"

"एक भाग राहिलाय."

बाहेर गोठवणारी थंडी, गाडीतली ऊब संपत चाललेली. मी पर्स उचलली आणि उतरले. आयुष्यात इतकं ताठ मी कधी चालले नव्हते.

गल्ल्यावर पांढऱ्या वेणीची एक बाई होती. मी म्हटलं, "व्होडका हवी. साधी. कसलाही वास, चव नसलेली."

"किती मोठी?"

"छोटीच. माशांसाठी आहे."

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बाई, इथे येणाऱ्या प्रत्येकाकडे काही ना काही कारण असतंच," ती म्हणाली आणि बाटली कागदी पिशवीत गुंडाळून दिली.

समोरच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरत आर्विला उभी होती, हे मला तेव्हा दिसलं नाही. आर्विला आमच्याच गल्लीतली, चर्चच्या गायनवृंदात माझ्या शेजारी उभी राहणारी. ती मुलीकडे निघाली होती. तिला मी दिसले. थेन दिसला नाही, कारण मी बाहेर पडताच तो सीटवर आडवा झाला होता.

पुढच्या आठवड्यात थेननं डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरनं पहिले थेंब टाकले. आणि त्याच आठवड्यात आमच्या दारात जेवणाचे डबे यायला लागले.

मंगळवारी खिमा भाजून केलेली वडी, बुधवारी चीज घातलेले बटाटे, गुरुवारी डुकराचा अख्खा भाजलेला पाय. सगळं थेनच्या, म्हणजे चर्चच्या बोलीत ब्रदर ओल्सनच्या, नावानं. मी दार उघडलं की बायका माझ्या खांद्यावरून आत पाहात म्हणायच्या, "ब्रदर ओल्सन आहेत का? जेवतात ना नीट?" रविवारी आर्विलानं मला मिठी मारली आणि इतका वेळ धरून ठेवली की मला तिचा श्वास जाणवला. नंतर लक्षात आलं, ती माझा श्वास हुंगत होती.

"कधीही फोन कर, सिस्टर," ती म्हणाली. "मी काहीही विचारणार नाही."

मला वाटलं, हिच्याच घरी काहीतरी बिनसलंय. मीही तिच्या पाठीवर थोपटलं.

थेनला मात्र वाटत होतं, सगळं गाव त्याच्या शेवाळामुळे हळहळतंय. खरंच वाटत होतं! बिशप लुंडनी त्याला चर्चच्या वाहनतळावर गाठलं. आमचे बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हेत. सोमवार ते शनिवार ते टर्की पाळतात, अंगानं धिप्पाड, बोलायला हळू. त्यांच्यातलं संभाषण थेननं मला नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं.

"घरातल्या त्या अडचणीबद्दल ऐकलं मी," बिशप म्हणाले. "कधीपासून आहे?"

"नोव्हेंबरपासून. आधी थोडंच होतं, मी लक्ष दिलं नाही. आता सगळीकडे पसरलंय."

"अरेरे. आणि नेड्रा काय म्हणते?"

"ती चेष्टेवारी नेते."

"असंच असतं सुरुवातीला. काही उपाय?"

"चालू केलाय ना. रोजची व्होडका. आता हळूहळू वाढवत नेणार."

"वाढवत?" बिशपांचा आवाज चिरकला.

"एकदम जास्त दिली तर जीव जातो, बिशप."

बिशपांनी म्हणे त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. थेन घरी येऊन म्हणाला, "काय मायाळू माणूस आहे! टाकीबद्दल एवढी कळकळ!"

दुसऱ्या दिवशी बिशपांचा मला फोन आला. मंडळाच्या अध्यक्षपदापासून काही दिवस विसावा घ्यावासा वाटतोय का? मी विचारलं, का? ते म्हणाले, तब्येत. मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय माझ्या? मग ते पुष्कळ वेळ खाकरले आणि शेवटी दुकान, कागदी पिशवी, आर्विला, सगळं बाहेर आलं.

मी फोन ठेवला आणि तळघराच्या जिन्यावरून ओरडले, "थेन ओल्सन! तुझ्या जिवाणूंपायी मी दारुडी ठरलेय!"

तो ड्रॉपर हातात घेऊन वर आला. ऐकून घेतलं. चेहरा पांढराफटक. मग म्हणाला, "म्हणजे तो पाय…"

"तुझ्या दुःखाबद्दल होता. आणि तू तीन तुकडे खाल्लेस."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे उपास असतो, आणि ज्याला वाटेल त्यानं पुढे जाऊन मनातलं बोलायचं असतं. बिशपांची प्रार्थना संपते न संपते तोच मी उठले. सगळ्या चर्चमध्ये अशी शांतता पसरली की कुणाच्या तरी पोटाची गुरगुर मला व्यासपीठावर ऐकू आली. आर्विलानं रुमाल काढून तयारच ठेवला होता.

"बंधूंनो, भगिनींनो," मी म्हटलं, "आमच्या घरात व्होडका आहे. ती मी विकत घेतली. ती रोज संपते आहे. पण ती मी पीत नाही, थेन पीत नाही, आणि मासेही पीत नाहीत. ती पितात जिवाणू. ते आपल्या चर्चचे सभासद नाहीत, त्यांना आपले नियम लागू नाहीत."

आधी बिशपांच्या खांद्यांना गदगद सुरू झाली. त्यांनी तोंड हातानं झाकलं, पण त्या धिप्पाड देहातलं हसू हातात मावेना. मग सगळंच चर्च हसलं. उपाशी पोटी माणसं इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. एकटी आर्विला रडली. शरमेनं असेल, पण म्हणाली, आनंदानं.

"आणि ज्यांना खात्री करायची असेल," मी सांगून टाकलं, "त्यांनी आमच्याकडे यावं. डबे परत न्यायलाही या."

ते आले. अकरा-बारा वर्षं आमच्या तळघरात समुद्र होता आणि गल्लीतली चार माणसंही तो बघायला खाली उतरली नव्हती. त्या दुपारी जिन्यावर रांग लागली. थेन घसा कोरडा होईपर्यंत समजावत होता. बिशप गव्हाच्या डब्यावर जे बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. शेवाळातून एक छोटा कोळंबीसारखा जीव बाहेर यायचा, एका माशाच्या तोंडात शिरून त्याचे दात साफ करायचा आणि परत जायचा. "दर वेळी तोच मासा?" बिशप विचारत होते. "ठरलेलं असतं का त्यांचं?"

शेवाळ खरंच गेलं. पाचव्या आठवड्यात त्याचे पुंजके सुटून तरंगायला लागले आणि खाली दगड जांभळे दिसू लागले. एवढ्यावर थांबला तर तो थेन कसला! थोड्यानं इतकं, तर दुपटीनं किती, असा हिशेब त्यानं मनातल्या मनात केला. एका सकाळी मी खाली गेले तर टाकीत पाणी नव्हतं, दूध होतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. जिवाणू इतके माजले होते की पाण्यातली हवाच संपली होती.

थेन टाकीपुढे नुसता उभा. हात लटकलेले. मी बिशपांना फोन लावला, कारण टर्कीच्या शेडमध्ये हवा खेळवायचे पंप असतात हे मला ठाऊक होतं. वीस मिनिटांत ते दोन पंप घेऊन आले, पायात शेडमधले बूट तसेच. आर्विला आपल्या नवऱ्याला आणि सगळ्या बादल्या घेऊन आली. जिन्यावर माणसांची साखळी झाली. घाण पाणी वर, मीठ कालवलेलं ताजं पाणी खाली. मी पातेल्यात मीठ ढवळत होते, थेन खारेपणा मोजत होता, आणि बिशप पंपाची नळी हातात धरून गुडघ्यावर बसले होते, अडीच तास. माझे दोन निळे मासे गेले. बाकीचे दुपारी चारच्या सुमाराला खाली पोहायला लागले.

थेन जिन्याच्या पायरीवर बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी चूक. जिवाणू आपलं काम करत होते. मलाच धीर नव्हता."

"ब्रदर ओल्सन," आर्विला बादली पालथी घालत म्हणाली, "चूक करण्यात मी तुमच्या पुढे आहे. पाणी प्या."

जूनमध्ये कीटनचा फोन आला. व्होडका आता जुनी झाली, सगळे व्हिनेगरकडे वळलेत. थेननं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि फोन ठेवून बाहेर गवत कापायला गेला. त्या वर्षी त्यानं टाकीत नवं काहीच केलं नाही. खायला घालायचा, काच पुसायचा, पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदलायचा. टाकी इतकी छान कधीच नव्हती. कुणी विचारलं, गुपित काय, तर तो ओशाळून म्हणायचा, "काही नाही हो. नुसता बघत बसतो."

गुरुवारी आर्विला विणकाम घेऊन यायला लागली. ती टाकीसमोर बसते, मी शेजारी बसते. तिनं सगळ्या माशांना नावं दिली आहेत आणि त्यांच्यात कुणाचं कुणाशी पटत नाही ते ती मला सांगते. परवा म्हणाली, "तो काळा-पांढरा आहे ना, तो आज एकटाच फिरतोय. काहीतरी झालंय त्यांच्यात."

"आर्विला," मी म्हटलं, "आधी नीट खात्री करून घे हं."

तिनं सुया खाली ठेवल्या आणि हसता हसता तिला ठसका लागला.