घरातला एकच मोबाइल

सांडोरच्या प्रेमलताने केळीची पानं विकून जमवलेले पैसे नवऱ्याच्या, मधूच्या नकळत बँकेत ठेवले होते. दोन हजार नऊ साली बँकेतल्या बाईंनी मोबाइल नंबर मागितला, तेव्हा तिला पाठ असलेला एकच नंबर तिने देऊन टाकला. तो मधूचा होता.

त्याच संध्याकाळी चहा पिताना मधूचा मोबाइल वाजला. इंग्रजी मेसेज बघून त्याने तो सुनेपुढे धरला. "अक्षदा, वाच बघू."

मेसेज बँकेचा असणार, हे प्रेमलताने ओळखलं. मागे तिने डब्यात लपवलेले तीनशे रुपये मधूला सापडले होते, तेव्हा त्याने तिच्यावर हात उचलला होता.

मेसेजमध्ये सासूचं नाव होतं, शिल्लक होती. अक्षदाने तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं आणि मेसेज पुसला. "जाहिरात आहे, बाबा. गाण्यांची."

सकाळी बँक उघडायच्या आधीच प्रेमलता दारात उभी होती. "बाई, तो नंबर काढा."

"अहो, घरबसल्या सगळं कळेल. खेटे वाचतील."

"घरात कळायलाच नको," ती म्हणाली.

नंबर निघाला. शिल्लक बघायला ती बाजार बुडवून बँकेत जात राहिली, पण मधूचा मोबाइल वाजला की ती हातातलं काम टाकून आधी अक्षदाकडे बघायचीच.