मावशींच्या वेगाचा फोन

आजवर माझ्यातून शेकडो माणसं बोलली. आज माझी पाळी. घाबरू नका, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असं मी तीन-तीनदा विचारणार नाही.

मी एक मध्यम किमतीचा मोबाइल. फार महागही नाही आणि अगदी स्वस्तातलाही नाही. चारचौघांत टेबलावर ठेवला, तर ‘नवीन घेतलास का?’ असं कुणी विचारत नाही, आणि नाकही कुणी मुरडत नाही. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेले, फक्त डोळे उघडे. त्यामुळे मला नेमकं कुणी घडवलं ते मला आजही सांगता यायचं नाही. माझ्या पोटात नखाएवढी एक चिप बसवली. तिला स्टोरेज म्हणतात. फोटो, आवाज, निरोप, जे काही सांभाळायचं ते सगळं तिच्यात. तपासणाऱ्या बाईंनी मला यंत्राला जोडलं, आकडा पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, “याचं स्टोरेज चांगलं पळतं गं.” आयुष्यातली पहिली शाबासकी! मी ती अजून जपून ठेवली आहे.

दुकानात गेल्यावर मात्र कळलं, की या शाबासकीला तिथे कुणी विचारत नाही.

काचेच्या कपाटात माझ्या शेजारी माझ्याच किमतीचा एक मोरपंखी फोन होता. पाठीवर चार कॅमेरे, अंगावर अशी चकाकी की येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जायची. लोक यायचे, रंग बघायचे, कॅमेऱ्याचा आकडा विचारायचे, मग स्वतःचा फोटो काढायचे. आपण आहोत त्याहून थोडे बरे दिसलो, की झालं, फोन ठरला. माझ्या शेजाऱ्यासारखे तर किती गेले आणि त्याच्या जागी किती नवे आले. मी आपला तिथेच.

जागेच्या बाबतीत दोघं सारखेच होतो. दोघांच्या डब्यावर एकशे अठ्ठावीस जीबी लिहिलेलं. पण घर मोठं असणं वेगळं आणि घरातली वस्तू मागितल्याबरोबर हातात मिळणं वेगळं. त्याच्या स्टोरेजला दार एकच. सामान आत जात असलं की बाहेर येणाऱ्यानं ताटकळत उभं राहायचं. माझ्याकडे जायला एक आणि यायला एक. पण हे डब्यावर लिहिलेलं असलंच तर मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत. ते कोण वाचतो?

एक दिवस मावशी आल्या. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते, पण त्या खऱ्या मावशी फक्त एकीच्या, सोबत आलेल्या भाचीच्या. भाची तिशीतली, प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. तिची आई लवकर गेली, मावशींनीच तिला वाढवलं. घरात दोघीच.

“मावशी, हा घ्या,” विक्रेत्यानं मोरपंखी फोन पुढे केला. “चार कॅमेरे आहेत. चंद्रसुद्धा जवळ दिसतो.”

“मला चंद्राचं काय करायचंय? मला स्क्रू दिसायला हवेत.”

विक्रेता भाचीकडे बघायला लागला.

“मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते,” भाची म्हणाली. “प्रत्येक भाग काढताना फोटो काढून ठेवते.”

“अहो, मग तर हाच घ्या. स्टोरेज दोन्हीत सेम. जास्तीचे कॅमेरे कशाला सोडता?”

“मशीन घेताना लोक रंग बघतात,” मावशी म्हणाल्या. “मी टाका बघते. दोन्ही चालू करून दे बरं.”

आणि मग त्यांनी जे केलं, ते त्या दुकानात आधी कुणी केलं नसेल. किल्ल्यांचा जुडगा काचेवर ठेवला. एक किल्ली सरकवली, फोटो. दुसरी सरकवली, फोटो. हाताला उसंत नाही. असे चाळीस फोटो, आणि लगेच त्यांतला तिसरा उघडून बघायचा. माझा शेजारी पहिले दहा-पंधरा ऐटीत गेला. मग त्याला धाप लागली आणि त्याच्या स्क्रीनवर ते गोल चाक फिरायला लागलं. मावशींनी त्याला खाली ठेवलं. माझी वेळ आली तेव्हा मी जीव तोडून पळालो. खरं सांगायचं तर सगळं श्रेय माझ्या स्टोरेजचं नाही, प्रोसेसर आणि रॅमनंही हातभार लावला. पण तिसरा फोटो मागताक्षणी समोर आला, तो त्या नखाएवढ्या चिपमुळेच.

“हा माझ्या हाताच्या वेगाचा आहे,” मावशी म्हणाल्या.

“पण याचा सेल्फी तितका...”

“माझं तोंड मी रोज आरशात बघते रे बाबा.”

असा मी मावशींच्या घरी आलो.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. रस्त्याकडे उघडणारा दरवाजा, खिडकीखाली लांब टेबल, भिंतीला टेकून कापडी कव्हरं घातलेली मशीनं. सगळ्या खोलीला तेलाचा वास. टेबलावर एक मोठी गोल ताटली. मशीनचा सुटा झालेला प्रत्येक भाग या ताटलीत ओळीनं ठेवायचा. घड्याळात बारा असतात तिथून सुरुवात आणि काटा फिरतो तसं पुढे जायचं. जोडताना उलट्या दिशेनं यायचं. आणि नियम एकच: आधी फोटो, मग स्क्रू.

काम मला फार आवडलं. दिवसभर मी मशीनच्या पोटात डोकावत होतो. दुपारी मावशी मला भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि जेवताना माझ्याशीच बोलायच्या. “तू बरा आहेस,” म्हणायच्या. “उगाच प्रश्न विचारत नाहीस.”

तिसऱ्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मावशी एकच फोटो पुन्हा पुन्हा उघडायच्या. बघायच्या, मला खाली ठेवायच्या, स्क्रूड्रायव्हर उचलायच्या, हात हवेतच थांबायचा, आणि पुन्हा मला उचलायच्या. तोच फोटो. एकदा तर नऊ वेळा! चाळीस वर्षांपूर्वी पहिलं मशीन कसं उघडलं ते त्यांना पाठ होतं, पण दहा मिनिटांपूर्वी काय केलं ते निसटत होतं.

हे मला ठाऊक होतं आणि त्यांना. तिसऱ्या कुणाला नाही. मी ब्र काढणार नव्हतो.

पण भाचीला संशय होताच. त्याला कारण होतं. मी यायच्या आधी मावशींनी एका बाईंचं ओव्हरलॉक मशीन, म्हणजे कापडाची कड बांधणारं मशीन, जोडून दिलं होतं. या बाई कारखान्यांचे गणवेश शिवतात, म्हणून सगळे त्यांना गणवेशवाली म्हणतात. मशीन दोन तास चाललं आणि अडकलं. आतला एक भाग राहूनच गेला होता. गणवेशवाली दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मावशी, आता तुम्हाला हे झेपत नाही. बंद करा.” मावशींनी दोष जुन्या फोनला दिला. म्हणून तर मी घरात आलो.

“फोन नवा झाला,” एका रविवारी भाची म्हणाली. “आता पुढचं ओव्हरलॉक माझ्यासमोर उघडायचं. नीट जमलं तर तू जिंकलीस. नाही जमलं तर दुकान बंद करायचं, मावशी.”

“तू कोण माझं दुकान बंद करणारी?”

“तुला लोक हसलेले मला बघवत नाहीत, म्हणून.”

मावशींनी मला उचललं आणि उगाचच माझी काच पदरानं पुसत बसल्या.

आणि ओव्हरलॉक आलं ते नेमकं गणवेशवालीचंच. दुसरीकडे नेऊन तिचं समाधान झालं नव्हतं. नाइलाजानं, तोंड वाकडं करून, पण आली.

भाचीनं सुट्टी घेतली. सकाळीच खुर्ची ओढून टेबलाशी बसली, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशी. मावशींनी हात पुसले. आधी फोटो, मग स्क्रू. फोटो, स्क्रू. ताटली भरत गेली. एकशे बारा फोटो झाले, एकही हुकला नाही. बिघाड सापडला, झिजलेला भाग बदलला आणि जोडणी उलट्या दिशेनं सुरू झाली. सगळं छान चाललं होतं.

आणि ऐन मधे मी वाजलो.

काय सांगू! कसलीशी जाहिरात होती. मावशींनी मला कानाला लावलं, दोन वाक्यं ऐकली आणि ठेवून दिलं. पण हाताची लय तुटली ती तुटलीच. त्या क्षणी कारखान्यात परत जावंसं वाटलं मला.

शेवटचं झाकण बसलं, तेव्हा ताटलीत एक छोटा स्क्रू उरला होता.

भाचीनं तो पाहिला. मावशींनीही पाहिला. भाचीचे डोळे भरून आले. तिला जिंकायचं नव्हतंच मुळी.

“मावशी...”

“थांब. बोलू नकोस. बोललीस तर निसटेल माझ्या डोक्यातून.”

त्यांनी स्क्रू डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरला आणि उजव्या हातात मला घेतलं. शेवटच्या फोटोपासून मागे जायला लागल्या. मी जन्मात पळालो नव्हतो तसा पळालो. एकशे बारा, एकशे अकरा, एकशे दहा. बोट सरकायचा अवकाश की पुढचा फोटो स्वच्छ समोर. कुठे थांबलो नाही, कुठे चाक फिरवलं नाही. मधेच त्यांचा अंगठा थबकला. मला वाटलं, गेलं. पण त्यांनी चिमटीतल्या स्क्रूकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. चौसष्टाव्या फोटोत खालच्या कोपऱ्यात तोच स्क्रू होता, चपट्या डोक्याचा, एका पत्र्याला धरून बसलेला.

“हा बघ,” मावशी म्हणाल्या. “इथला आहे.”

झाकण पुन्हा उघडलं. भोक रिकामंच होतं. स्क्रू बसला. मग एक चिंधी घेऊन त्यांनी मशीन चालवलं. भाचीनं ती चिंधी हातात घेतली आणि सगळी ताकद लावून ओढली. टाका सुटला नाही.

“मावशी, तू विसरली होतीस.”

“हो. विसरते मी.” मावशींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “वर्ष झालं. जुन्या फोनवरही फोटो असायचे गं. पण ते चाक फिरत बसायचं, आणि ते थांबेपर्यंत आपण काय शोधत होतो तेच जायचं माझ्या डोक्यातून. मग अंदाजानं बसवायचे. तुला सांगायची लाज वाटली मला.”

“आणि मला वाटत होतं, तू सगळं फोनवर ढकलतेस.”

“थोडं फोनचं, थोडं माझं. दोन म्हातारे एकत्र आलो होतो, दुसरं काय!”

भाची हसली आणि रडलीही. नाक पुसताना हाताचं तेल नाकाला लागलं.

“डॉक्टरांकडे जायचं,” ती म्हणाली.

“जाऊ. आणि दुकान?”

“दुकान चालू. मी दर रविवारी तुझ्याजवळ बसणार इथे.”

“नुसती बसू नकोस. कव्हरं धुवायला झालीत.”

मावशींनी मला उचलून भाचीचा फोटो काढला. हातात चिंधी, नाकावर तेल. माझा कॅमेरा साधाच, पण तो फोटो छान आला.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझा एक कोपरा उडालाय, काचेवर तेलाचे ठसे आहेत. मावशींच्या गोळ्यांची आठवण मीच करून देतो. गणवेशवाली दर दोन महिन्यांनी येते आणि आता हळू आवाजात बोलते. मधे मीही मंदावलो होतो, कारण हजारो फोटोंनी पोट गच्च भरलं होतं. आमच्यासारख्यांना थोडी मोकळी जागा लागते, ती नसली की चांगलं पळणाराही रखडतो. आता भाची दर रविवारी झालेल्या कामांचे फोटो संगणकावर हलवते आणि मला हलकं करते. कव्हरंही धुते.

तुम्ही कधी माझ्यासारखा फोन घ्यायला गेलात, तर रंग बघा, कॅमेरा बघा, हौस भागवा. पण चाळीस फोटो काढून तिसरा मागून बघायला विसरू नका. तुम्हाला क्षणभर थांबणं परवडत असेल. तुमच्या घरात कुणाला तरी ते परवडत नसेल.

भाचीचा तो फोटो मात्र कुणी हलवत नाही. रोज सकाळी, पहिलं मशीन उघडायच्या आधी, मावशी तो उघडून बघतात. मला तो दाखवायला निमिषही लागत नाही. हल्ली कधी कधी मावशींनाच जरा वेळ लागतो. मी घाई करत नाही. स्क्रीन उजळून तसाच थांबतो. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं, त्या म्हणतात, “माझी पोरगी,” आणि स्क्रूड्रायव्हर उचलतात.