विटा थापणारी

सातवीच्या वर्गात बाईंनी वाचनगट पाडून दिले होते. गट मुलांनीच चालवायचा, कोण काय करणार तेही मुलांनीच ठरवायचं. बाई लांबून कौतुकाने बघत.

सहा महिन्यांत एका गटाने पुस्तकात वाचून मातीचं अख्खं प्राचीन नगर उभारलं. कोठार, तटबंदी, नखाएवढ्या विटांची घरं. विटा सगळ्या एकाच मुलीच्या हातच्या. वर्ग तिला मुकी म्हणे, कारण ती क्वचितच तोंड उघडायची.

प्रदर्शनात पाहुण्यांनी तिलाच विचारलं, "बाळ, नगरापुढच्या या पाटीवर काय लिहिलंय? वाच बघू."

मुकी पाटीकडे नुसती बघत राहिली. गटप्रमुख मुलगी पटकन पुढे झाली, तिने पाटी घडाघडा वाचली. पाहुणे पुढे सरकले. बाई मात्र पाटीपाशीच थांबल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी गटप्रमुखाला खोदून विचारलं. मुकीला वाचता येत नाही, हे गटाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिची वाचायची पाळी आली की दुसरं कुणी वाचायचं.

"तुम्ही रागवाल म्हणून आम्ही सांभाळून घेतलं, बाई. आणि पुढच्या महिन्यात तिची आई तिला कामालाच लावणार आहे."

पोर निघून गेली. शिपाईमावशी खोली झाडत होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "मुलांनी फसवलं हो मला."

"मुलांनी कशाला? परवा तुम्हीच शिकवत होतात, त्या नगरात लिहिणारे चार नि विटा थापणारे हजार. पोरांनी हुबेहूब तेच नगर बांधलं. शाबासकी तुम्ही दिलीत."

बाई पुटपुटल्या, आता फार उशीर झाला.

"झालाच. मी चाळिशीत बाराखडी गिरवली. गेलेली वर्षं मला कुणी परत दिली नाहीत. म्हणून उरलेलीही घालवायची का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुकीला शेजारी बसवून पुस्तक उघडलं. ती चटकन उठली. "बाई, माती भिजवू?"

बाई नको म्हणाल्या. त्यांनी तिला परत बसवलं, तिचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. पेरांत अजून माती सुकलेली होती. घंटा होईपर्यंत दोन अक्षरं आली. महिना काही लांबणार नव्हता.

वाचकहो, सांभाळून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. एखाद्याची पाळी आपण मायेने उरकून टाकतो आणि त्याला जन्मभर विटा थापायला बसवतो. आपल्या वर्गात, आपल्या घरात कोण गुपचूप माती मळतंय, ते आजच बघा. बाईंना ते शेवटच्या महिन्यात दिसलं.