तीन बोटं

"वाजवत राहा गं. काहीही चालेल," असं म्हणत मुलगी अँप्लिफायरसमोर मांडी घालून बसली आणि तिने हेडफोन कानांवर चढवले.

"काहीही म्हणजे काय?"

"मला फक्त माइकची जागा ठरवायचीय. तुझ्या वाजवण्याकडे लक्ष नाहीये माझं."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तिने अँप्लिफायरला जोडलेली गिटार मांडीवर घेतली.

दोन दिवसांनी आईच्या मनगटाचं ऑपरेशन होणार होतं आणि त्यानंतर वाजवता येईलच अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. तीस वर्षं लोकांच्या मुलांना शिकवता शिकवता तिने स्वतःची एकच धून रचली होती. ती आज रेकॉर्ड व्हायलाच हवी होती, आणि हात फार तर अर्धा तास साथ देणार होता.

मुलगी रेकॉर्डिंगच्या कामात मुरलेली. अँप्लिफायरमधल्या स्पीकरच्या काठाशी आवाज बोदा येतो, मधोमध तो कानाला टोचतो. म्हणून ती माइक हातात धरून काठाकडून पार मध्यापर्यंत एकेका बोटाच्या अंतराने सरकवायची. कुठली जागा कशी लागली ते मागाहून कळावं म्हणून रेकॉर्डिंग चालू ठेवून बोटं मोठ्याने मोजायची. सोबतचे लोक त्यावरून तिची टर उडवत, पण तिची जागा चुकली असं कुणी म्हणत नसे.

"काठ," ती म्हणाली. "एक बोट. दोन बोटं. तीन बोटं."

आई आपली तीच धून वाजवत होती. ती संपल्यावर मुलीने स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीची खूण केली आणि माइक स्टँडला लावला.

मग खरं काम सुरू झालं आणि सगळं बिनसलं. रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागला की आई परीक्षेला बसल्यासारखी ताठ व्हायची. पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदा सूर बरोबर आले, पण नुसतेच बरोबर. तिसऱ्यांदा मध्येच थांबली आणि सुजलेलं मनगट धरून बसली.

"नाही जमत. जाऊ दे, आवर सामान."

लहानपणी मुलगी आईकडेच शिकायला बसली होती. रोज स्वतःच्या चुका तिच्याकडून ऐकून ऐकून एक दिवस उठली ती उठलीच, आणि तारा सोडून वायरी धरल्या. तेव्हापासून आईने "कसं झालं?" विचारलं की ती आवाजाबद्दल बोलायची, वाजवण्याबद्दल चकार शब्द काढायची नाही.

आत्ता तिने माइक सरकवतानाचं रेकॉर्डिंग ऐकायला लावलं.

धून पांघरुणाखालून यावी तशी सुरू झाली. "काठ," मुलीचा आवाज. "एक बोट." गिटार हळूहळू मोकळी होत गेली. "दोन बोटं. तीन बोटं." पुढे शेवटपर्यंत नुसती धून, आणि आई कुठेही अवघडलेली नव्हती.

"आवाज वरखाली झालाय," मुलगी घाईघाईने म्हणाली. "शिवाय मध्ये माझी बडबड. हे कुणी ऐकलं तर मला काम द्यायचं नाही. पण वाजलंय ते हेच."

"तीन बोटांनंतर मोजलंच नाहीस," आई म्हणाली.

"विसरले."

"तू? आणि विसरलीस?"

मुलगी वायर गुंडाळायला लागली. नीट गुंडाळून झालेली वायर तिने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"ऐकत बसले होते," ती म्हणाली.

आईने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"परत लाव," ती म्हणाली. "आणि तुझं ते मोजणं त्यातून काढायचं नाही."