पाचवा टेक

'टेक' म्हणजे 'घे', एवढंच इंग्रजी शाळेत शिकवतात. त्या सायंदैनिकाच्या जुळणीखात्यात तेवढ्यावर भागत नसे. बातमीचा कागद कात्रीने कापून एकेक तुकडा एकेका जुळाऱ्याला द्यायचे, तो तुकडा म्हणजे टेक. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायची पाळी म्हणजेही टेक. "एक टेक थांब" म्हणजे जरा दम धर. वरच्या मजल्यावरचे बातमीदार एकमेकांचं मत विचारायचे, तेव्हाही टेकच. बिचारा शब्द घरगड्यासारखा सगळीकडे राबायचा.

कात्री फोरमनच्या हातात असे. सहा जणांत वाटलेली बातमी बघता बघता जुळून व्हायची, पण अख्खी कोणालाच कळायची नाही. "माझ्याकडे चोर पळाला, तुझ्याकडे सापडला का रे?" असं चालायचं.

त्या दुपारी वरून पुलावरच्या अपघाताची बातमी आली. परांची कोसळली होती. फोरमन वाचत वाचत कापत होता, तो पाचव्या तुकड्यावर अडकला. मेलेल्यांत पहिलं नाव तुफानच्या धाकट्या भावाचं होतं. नाव, आडनाव, काम त्याच पुलावर वेल्डरचं. शंकेला जागाच नव्हती.

तुफान हा खात्यातला सगळ्यात चपळ हात, म्हणून ते टोपणनाव. त्याचा भाऊ मागच्याच आठवड्यात डबा द्यायला आला होता आणि फोरमनच्या स्टुलाचा मोडका पाय फुकटात जोडून गेला होता. फोरमन आत्ता त्याच स्टुलावर बसला होता.

सांगितलं तर तुफान उठणार, त्याच्यामागे सगळे उठणार. छपाई तोंडावर आलेली. पुन्हा उशीर झाला तर घरी बसा, असं मालकांनी फोरमनला बजावलं होतं. पान लागलं की सांगू, गेलेला माणूस काही परत येत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. याला तो दया म्हणत होता. खरं तर त्याची पाचावर धारण बसली होती.

पाचवा टेक त्याने खिशात घातला. बाकीचे वाटले. सहावा तुफानला गेला.

मग त्याने कित्येक वर्षांनी स्वतः खिळे लावायची स्टिक हातात घेतली. बोटं ऐकेनात. एकेक खिळा शोधावा लागत होता. पाठीमागे तुफानचा हात टपटप चालला होता, आणि तो कधी थांबतो याचीच फोरमनला धास्ती होती.

तो थांबला.

"कोणाकडे आहे रे पाचवा?" तुफानने विचारलं. "माझ्याकडे 'त्याला वाचवायला उतरलेले दोघेही दगावले' असं आहे. कोणाला वाचवायला?"

"माझ्याकडे चौथा," एक जण म्हणाला. "पुलाखाली लोक जमले, इथे संपला."

"पुलाखाली?" तुफान म्हणाला.

आता सगळ्यांचीच बोटं थांबली. तुफानने वळून पाहिलं. फोरमन खिळे जुळवतोय, हे दृश्य त्या खात्यात कोणी पाहिलंच नव्हतं. तो जवळ आला.

"काका, पाचवा द्या."

"आधी बस जरा."

"द्या."

फोरमनने दिला. तुफानने उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला. मग कागद फोरमनच्या पुढ्यात ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"कापताना," फोरमन म्हणाला. खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"आणि मला सहावा दिलात. त्याच्यासाठी मेलेल्यांची ओळ मी माझ्या हाताने जुळवली. आईला आता बाहेरचं कोणीतरी सांगून गेलं असेल, काका. मी तिच्याजवळ पाहिजे होतो."

फोरमनला मान वर करवेना. तुफान शाईच्या हातांनीच बाहेर पडला. बाकीचेही स्टिक खाली ठेवून त्याच्यामागे गेले.

खालून मशीनवाल्याने पान मागितलं.

"उशीर होईल," फोरमनने वरूनच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उशिराची भीती वाटली नाही. स्टुलावर मात्र त्याच्याने बसवेना. राहिलेले सगळे टेक त्याने उभ्यानेच जुळवले, आणि त्या पोराचं नाव सगळ्यात शेवटी.