वर थांबलेली मुंगी

मी गाडी चालवायला शिकवतो. शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि शेजारचा माणूस चुकायच्या आत तो दाबणं, यावर माझं पोट चालतं. त्या दिवशी एका दंतवैद्यबाईंनी गाडी फुटपाथवर चढवायचा जणू पणच केला होता. घरी आलो तेव्हा पाय भरून आले होते आणि डोकं तर कधीच कामातून गेलं होतं.

घरी वेगळंच दुखणं. बायकोला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. चालणं काठीच्या आधाराने सुरू झालं, जीभ तर जास्तच धार लावून परत आली, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सकाळीच मला दारात गाठलं होतं.

"त्या प्रयत्नच करत नाहीत हो. आता हात वापरला नाही, तर तो कायमचा असाच राहील."

मी समजावतो म्हणालो. काय कपाळ समजावणार? दाबायला दिलेला रबरी चेंडू ती टेबलावर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

आत शिरलो तर खोलीतून हसण्याचा आवाज. माय-लेकी पलंगावर बसलेल्या, समोर टीव्हीवर व्हिडिओ गेम. माझं टाळकंच सटकलं.

"तू स्वतःचे डोळे फोडतेस ते फोडतेस, वर आईलाही नादी लावलंस? काय शिकणार आहात यातून?"

"गप रे," बायको म्हणाली. "पडेन मी."

पडद्यावर दोन मुंग्या भिंत चढत होत्या. लेकीची मुंगी वरच्या कडेला पोचली होती, बायकोची खाली लटपटत होती. गेमचा रिमोट बायकोच्या उजव्या हातात होता. लेकीने तो उशीवर टेकवून दिला होता, आणि बायकोचा अंगठा, जो चेंडूला शिवतही नव्हता, बटण दाबत होता. उशिरा दाबलं गेलं. मुंगी धपकन खाली. दोघी पुन्हा हसल्या.

"मेलीस," लेक म्हणाली.

"मेले," बायको म्हणाली. "चल, परत."

मला तो शब्द ऐकवेना. मी उभाच राहिलो. मुंगी अर्ध्यावर जायची, अंगठा घसरायचा, मुंगी खाली. पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा खाली. बायकोच्या कपाळावर घाम आला. शेवटी एकच उडी राहिली, अंगठा थरथरायला लागला आणि मी खाली वाकून पटकन बटण दाबलं. मुंगी वर पोचली. टीव्हीत ढोल वाजले.

बायकोने रिमोट उशीवरून खाली घसरू दिला. "दमले मी," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

लेक माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. दहा वर्षांची पोर, पण रागावली की थेट आईवर जाते.

"बाबा, तिचा डाव तू का खेळलास?"

"अगं, पडली असती ती."

"मग? पडली की परत सुरू होतं. माझी मुंगी थांबली होती ना वर."

"नुसती बघत?"

"हो. वरच्याने थांबायचंच असतं. खाली उतरलं तर दोघी पडतात." मग जरा हळू म्हणाली, "तू तिला भरवतोस. बटणंही तूच लावतोस. ती हात उचलते, तोवर तुझं झालेलं असतं."

"कामावर कधी जायचं मग मी?" मी ओरडलो. मी उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. खरं सांगायचं तर वेळेचं निमित्त होतं. बायकोची ती चाचपडणारी बोटं मला बघवत नव्हती. पूर्वी ही बाई बोलता बोलता माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवून मोकळी व्हायची.

सकाळी तिचा झगा चढवला आणि सवयीने माझे हात बटणांकडे गेले. आपोआप थांबले. तिने ते पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. तू लाव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा शिव्या घालेल.

"हात खिशात घाल," ती म्हणाली. "नुसता उभा राहिलास तर तुला राहवणार नाही."

मी घातले. तिच्या उजव्या हाताची बोटं बटणापर्यंत गेली, घसरली. पुन्हा गेली. बाहेर शिकायला आलेल्या दंतवैद्यबाई माझ्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या. काजाच्या कडेला बटण अडलं, निसटलं. तिने एक सणसणीत शिवी हासडली, मला की बटणाला कोण जाणे. खिशातल्या माझ्या मुठींना घाम सुटला होता. असं उभं राहण्यापेक्षा दिवसभर गाडी ढकलणं परवडलं असतं.

बटण लागलं. वरचं एकच.

तिने हात मांडीवर ठेवला, डोळे मिटून श्वास घेतला.

"आज एवढंच," ती म्हणाली. "बाकीची तू लाव."

मी खाली बसलो. पण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं आणि मला काज सापडेना. ती थांबून राहिली.